बोम्बोनेरात पहिला सामना पाहणाऱ्यासाठी

ब्युनोस आयर्समध्ये बोका ज्युनियर्स या फुटबॉल क्लबचा सामना त्याच्या बोम्बोनेरा मैदानावर पाहायचा असेल, तर स्थानिक वाटाड्या आधीच ठरवावा, कारण तेथील तिकिटांवर क्लबच्या सभासदांचा पहिला हक्क असतो आणि खिडकीवर तिकीट मिळेल अशी आशा धरणे व्यर्थ आहे. पैसे देण्यापूर्वी प्रवेश कोणत्या तिकिटावर होणार आणि जागा कोणत्या भागात आहे, हे त्याला स्पष्ट विचारावे. उत्तर मोघम आले तर दुसरा वाटाड्या शोधावा. पहिल्या खेपेस ‘प्लातेआ’ म्हणजे आसनांचा भागच घ्यावा, कारण गोलामागच्या ‘पोपुलार’ भागात सामनाभर दाटीत उभे राहावे लागते.

लाल-पांढरे कपडे कटाक्षाने टाळावेत, कारण ते कट्टर प्रतिस्पर्धी क्लब रिव्हर प्लेटचे रंग आहेत. प्रवेशद्वारावर ओळख तपासली जाते, म्हणून मूळ पारपत्र जवळ असावे, मात्र मौल्यवान वस्तू मुक्कामीच ठेवाव्यात. मैदानाभोवतीच्या ला बोका वस्तीत सामन्यानंतर एकट्याने भटकू नये, वाटाड्यासोबतच परतावे. आणि लवकर पोहोचाच, कारण संघ मैदानात उतरण्यापूर्वीच सुरू होणारे समूहगान हा या अनुभवाचा, माझ्या मते, सर्वांत मोलाचा भाग आहे.