‘प्रजाती डी’ नको, ‘प्रकार डी’ तर मुळीच नको

नागपूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. आरोग्य शिबिराच्या फलकासाठी त्यांनी लिहिलं, ‘भारतात हिपॅटायटिस बी विषाणूच्या डी आणि ए या प्रजाती जास्त आढळतात.’ जीनोटाइपला, म्हणजे एकाच विषाणूच्या जनुकीय फरकाने पडलेल्या गटाला, प्रजाती म्हटलेलं चालेल का?

नाही चालणार. मराठी विश्वकोशातल्या वनस्पतींच्या नोंदी चाळून पाहा, तिथे ‘प्रजाती’ ही ‘जाती’च्या वरची पायरी आहे. आपण तो शब्द खाली ओढला तो हिंदीच्या नादाने. नागपुरात हिंदी पेपर मराठीच्या शेजारीच पडलेला असतो, त्याला इलाज नाही. शिवाय इथे विषाणूची जात एकच, फरक आहे तो तिच्या आतला.

मग साधं ‘प्रकार’? खरा खड्डा इथेच आहे. ‘हिपॅटायटिस बीचा प्रकार डी’ वाचणारा सरळ हिपॅटायटिस डी समजेल. तो निराळाच विषाणू, बीच्या आधाराशिवाय न वाढणारा. ‘प्रकार ए’ वाचून कुणी नळाच्या पाण्याला बोल लावेल, कारण हिपॅटायटिस ए दूषित पाण्या-अन्नातून पसरतो. बी मात्र रक्तातून, शरीरसंबंधातून, बाळंतपणात आईकडून बाळाला. तेव्हा ‘जनुकप्रकार डी’ असं पूर्ण लिहा. जीनोटाइप लिहिलंत तरी माझी तक्रार नाही.

‘वाण’ मला फार मोहात पाडतो. कपाशीच्या मुलखात तो सगळ्यांच्या तोंडी आहे. पण वाण माणूस निवडतो, जोपासतो. जनुकप्रकार मोजून ठरतो. या विषाणूचा सगळा जनुकीय मजकूर जेमतेम ३२०० अक्षरांचा. दोन नमुन्यांत ८ टक्क्यांहून जास्त, म्हणजे अडीचशेच्या वर अक्षरं वेगळी निघाली की जनुकप्रकार वेगळा. त्याखालच्या, साधारण ४ ते ८ टक्क्यांच्या फरकाला ‘उपजनुकप्रकार’ म्हणतात, पण फलकावर नुसतं डी१, डी२ पुरे. जीभ तरी वाचेल.

जाता जाता, फलकाच्या मथळ्यातल्या ‘कावीळ’बद्दल. मूळ संस्कृत ‘कामला’. ग्रामचं गाव झालं तसाच इथेही मचा व झाला. वऱ्हाडी तोंडात शेवटच्या ळचा य होऊन ‘कावीय’ होते. पण बी अंगात असूनही डोळे पिवळे नसतात, असं पुष्कळदा होतं. नुसतं ‘कावीळ’ लिहिलंत, तर शिबिरात एखादी आजी म्हणेल, ‘डोये पिवये नाई झाले, मंग कावीय कायची?’ लोक बीला ‘पांढरी कावीळ’ म्हणतात, तेच मथळ्यात घ्या.