चित्रपट पाहून इतकं रडू का आलं?

"मॅडम, पिक्चर बघून आठवडा झाला, अजून डोळे भरून येतात. माझं लग्नच चुकलं का हो?"

शब्द बदलतात, पण समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला वारंवार ऐकू येतो. निमित्त बहुतेक वेळा एखादा छोटा, स्वतंत्रपणे काढलेला चित्रपट. मोठ्या चित्रपटात कुठे रडायचं ते पार्श्वसंगीत सांगतं आणि शेवटी सगळे धागे जुळवून आपल्याला घरी पाठवतात. इथे माणसं गप्प असतात, कॅमेरा चेहऱ्यावरून हलत नाही आणि शेवट उघडाच राहतो. ती मोकळी जागा प्रेक्षक स्वतःच्या आयुष्याने भरतो.

वरचा प्रश्न विचारणारे गृहस्थ चाळिशी ओलांडलेले. लग्नाला चौदा वर्षं झालेली, संसार सरळ. लग्नाच्या दोन वर्षं आधी एक मैत्रीण नोकरीसाठी दूर गेली आणि मनातलं बोलायचं राहून गेलं. चित्रपटातही तसंच काहीसं. तो पाहिल्यापासून दोनदा मध्यरात्री त्यांनी तिचा नंबर शोधला होता. फोन मात्र केला नाही.

पहिल्या दोन भेटींत ते फक्त चित्रपटाबद्दल बोलले, मीही बोलू दिलं. बायकोचा विषय काढला की "ती चांगली आहे" एवढंच. तिसऱ्या भेटीत शेवटचा प्रसंग सांगू लागले. "बस सुटताना ती म्हणते, 'तू एकदा थांब म्हणाला असतास तर मी थांबले असते.'" त्यांना पुढे बोलवेना.

समोरच्याने सांगितलेला चित्रपट मी सहसा पाहत नाही. नाहीतर समुपदेशन राहतं बाजूला आणि परीक्षण सुरू होतं. हा पाहिला. बस येते, ती खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा सारखा करते, चढते. एक शब्द नाही. मी तो प्रसंग तीनदा मागे घेऊन पाहिला.

पुढच्या भेटीत हे सांगितलं तर ते वाद घालायला लागले. "तुम्हीच बघा," म्हटलं. त्यांनी मोबाइलवर प्रसंग लावला, पाहिला, मोबाइल पालथा ठेवला.

"मग हे कोण म्हणालं?"

"तुम्ही सांगा."

बराच वेळ गेला. अशा वेळी घड्याळाकडे न पाहणं मला आता कुठे जमू लागलंय.

"मीच. इतकी वर्षं मीच स्वतःला ऐकवतोय."

"आणि ती थांबली असती, हे कशावरून?"

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. मग हळूच म्हणाले, "ते कुठे माहितीये मला?"

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ वाटेची, म्हणजे भावनेमागचा विचार तपासून पाहणाऱ्या उपचारपद्धतीची. 1955 पासून त्यांनी ही पद्धत मांडली, आणि मला तिच्यातलं सर्वांत उपयोगाचं वाटतं ते हे, की ती दुःख पुसायला सांगत नाही. 'मी बोललो नाही, वाईट वाटतं' ही खंत. ती असू द्यावी. 'बोलायलाच हवं होतं, मी सगळं घालवलं' ही स्वतःला दिलेली शिक्षा, आणि पुरावा तपासायचा तो हिचा. गिलोविच आणि मेडवेक या संशोधकांनी 1994 मध्ये दाखवलं, की केलेल्या चुका लगेच बोचतात, न केलेल्या गोष्टी मात्र वर्षं सरल्यावर. साहजिकच आहे. केलेल्याचा परिणाम समोर दिसतो. न केलेल्याचा शेवट मन हवा तसा लिहितं, आणि तो नेहमी गोडच असतो.

म्हणून सांगते, रडू आलं यावरून लग्नाचा निकाल लावू नका. भारलेल्या अवस्थेत जुना नंबर फिरवू नका. नेमकं कुठे भरून आलं ते आठवेल तसं लिहा, मग तो प्रसंग पुन्हा पाहा. फरक सापडला तर तिथे तुम्ही आहात. जोडीदाराला जुनं नाव सांगायची घाई नको, पण 'मला वेळेवर बोलता येत नाही' हे जरूर सांगा. मात्र झोप, भूक, काम दोन आठवडे बिघडलेलं असेल, तर चित्रपटाला दोष न देता डॉक्टरांना भेटा.

शेवटच्या भेटीत मी विचारलं, "बायकोबरोबर पाहिलात का?"

"लावला होता. ती मध्येच झोपली."

"मग?"

ते जरा लाजले. "उठवलं तिला. म्हटलं, थांब ना, मला बोलायचंय."