काळा स्पार्क प्लग म्हणजे रिच मिक्स्चर (हवेच्या मानानं पेट्रोल जास्त), हे आधी डोक्यातून काढा

भाऊ, तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. टर्बो पेट्रोल गाडी, स्टेज २ रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदललेली), चारही प्लग काळे, आणि वर्कशॉपवाला म्हणतो, "रिच चालतेय, वरचं फ्युएल थोडं कमी करू." हेच वाक्य मी ऐकलंय आणि त्यापायी इंजिन उघडावं लागलंय. आधी त्याला थांबवा, बाकीचं मग.

माझी १.८ टर्बो. ऐन मे महिन्यात नागपुरातल्या बर्डीच्या ट्रॅफिकमधून रखडत वर्कशॉपला पोचली, तिथेही एसी लावून बराच वेळ आयडलवर उभी. मग प्लग काढले. काळे नाही तर काय निघणार? प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं तरच त्यावरची काजळी जळते. रिमॅपनंतर त्या वर्कशॉपवाल्यांनीच एक पायरी थंड (उष्णता लवकर हेडमध्ये सोडणारे) प्लग टाकले होते, ते शहरात तिथवर तापतच नाहीत. त्यात डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं), म्हणजे काजळी जरा जास्तच. तो रंग आयडलचा होता. वर्कशॉपच्या साहेबांनी मात्र त्यावरून फुल बूस्टचं (टर्बोच्या पूर्ण दाबाचं) फ्युएल कमी केलं आणि वर टायमिंगही वाढवलं, म्हणजे ठिणगी आणखी आधी पाडली. नागपूरच्या उन्हात इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा) आधीच भाजून निघालेला असतो, हे त्यांना कुणी सांगायचं?

थोड्याच दिवसांत वर्धा रोडवर ओढताना तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलं. पिस्टनची रिंग लँड (दोन रिंगांच्या खाचांमधली कड) तुटली होती. त्याच सिलिंडरच्या प्लगवर, पांढऱ्या पोर्सेलिनवर, मिरपुडीसारखे काळे ठिपके आणि मध्येमध्ये चंदेरी कण. चंदेरी कण म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. डेटोनेशनची, म्हणजे सिलिंडरमध्ये मिक्स्चर आपोआप भडकल्याची, याहून पक्की खूण नाही. जाब विचारला तर म्हणे पेट्रोल खराब असेल. पुलाचा (फुल थ्रॉटलनं गाडी ओढतानाचा) लॉग, म्हणजे नोंदलेला डेटा, मागितला तर "फाईल आमची आहे, देता येत नाही." काहून? गाडी माझी, पैसे माझे, पिस्टन माझा! नाव घेत नाही, पण जो ट्यूनर लॉग दाखवत नाही त्याच्या दारात मी पुन्हा जाणार नाही.

आता प्लग कसा बघायचा ते. नवे प्लग, एक पूर्ण थ्रॉटलचा पुल, तिथेच क्लच दाबून इंजिन बंद, आयडल करायचं नाही, प्लग काढायचे. हे डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर पळवतात ते यंत्र) किंवा बंद ट्रॅकवरच. चालत्या गाडीचं इंजिन बंद केलं की स्टेअरिंग जड होतं आणि थोड्याच दाबांत ब्रेकही कडक होतो, त्यामुळे समृद्धीवर असले उद्योग अजिबात नकोत.

मग ग्राउंड स्ट्रॅप बघा, म्हणजे वरची वाकलेली पट्टी. उष्णतेनं रंग बदलल्याची रेघ तिच्या वाकणाच्या मध्याजवळ हवी. टोकाकडे असेल तर प्लग फार थंड किंवा टायमिंग मागे. थ्रेडकडे सरकली असेल तर गरम प्लग किंवा जास्त टायमिंग. मिक्स्चर दाखवणारी काजळीची रिंग पोर्सेलिनच्या मुळाशी, पार आत असते. भिंग आणि टॉर्च लागतो, टोकाचा रंग बघून काही कळत नाही.

आणि माझं स्पष्ट मत: मिक्स्चरसाठी प्लगवर विसंबूच नका. "कॉफी कलर" ही कार्बोरेटरच्या काळातली गोष्ट, आजच्या पेट्रोलनं रंग फारसा चढतच नाही. वाइडबँड (एक्झॉस्टमधून मिक्स्चर मोजणारा सेन्सर) लावा आणि आकडा लॅम्डात वाचा (१ म्हणजे नेमकं प्रमाण, त्याखाली रिच). ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) चं स्टॉइकिओमेट्रिक, म्हणजे पूर्ण ज्वलनाला लागणारं हवा-इंधनाचं नेमकं प्रमाण, साध्या पेट्रोलसारखं १४.७ नसून १३.५ च्या आसपास आहे, त्यामुळे एएफआरच्या (हवा-इंधन प्रमाणाच्या) आकड्यांवरून नुसते वाद होतात. फुल बूस्टला ०.८ च्या जवळपास लॅम्डा बघून कुणी "फार रिच" म्हणालं तर हसून सोडून द्या. प्लग वाचायचा तो उष्णता आणि टायमिंगसाठी.

जाता जाता: एनजीकेत मोठा नंबर म्हणजे थंड प्लग, बॉशमध्ये उलटं. दुकानदाराच्या "सेम आहे साहेब"वर जाऊ नका. एनजीकेचा ढोबळ हिशेब दर ७५ ते १०० हॉर्सपॉवर वाढीमागे एक पायरी थंड, असा आहे. प्लग सैल राहिला तर त्याची उष्णता हेडमध्ये जात नाही आणि बरोबर नंबरचाही प्लग जास्त तापतो, म्हणून टॉर्क रेंच वापरा. बाहेरच्या पोर्सेलिनवर षटकोनाच्या वर दिसणारा तपकिरी डाग गळतीचा नसतो, तो कोरोना स्टेन, म्हणजे हाय व्होल्टेजमुळे चिकटलेले कण; त्यावरून कुणी बिल वाढवत असेल तर उठून या.

मी मेकॅनिक नाही, भोगलेलं आणि नंतर वाचलेलं सांगतोय. तुमच्या गाडीचा मॅप मी बघितलेला नाही, त्यामुळे अंतिम शब्द समजू नका.

चारही प्लगवर सिलिंडर नंबर लिहा आणि पट्टी व पोर्सेलिन दोन्ही दिसतील असे जवळून फोटो टाका. एकच प्लग वेगळा दिसत असेल तर ट्यूनला हात लावू देऊ नका. आधी त्या सिलिंडरचं इंजेक्टर, कॉइल आणि कॉम्प्रेशन तपासायला सांगा. चौथ्या गिअरमध्ये किरकिर येते असं तुम्ही लिहिलंय, ती डेटोनेशनची असू शकते, म्हणून तपासणी होईपर्यंत बूस्टवर अजिबात ओढू नका.