एआयमुळे नागपुरात खरंच काही बदललंय का? पैसा एआयच्या शेअरमध्ये टाकावा की धंद्यात?

तुमचे प्रश्न दोन आहेत. एआयमुळे गुंतवणूक, सरकार आणि धंदा बदलतोय म्हणतात, ते नागपुरात कुठे दिसतं? आणि वडिलांच्या डाळ-धान्याच्या होलसेल धंद्यातून हाताशी आलेले चार-पाच लाख एआयच्या शेअरमध्ये टाकावेत की धंद्यातच ठेवावेत? मी इतवारीत हिशेबाचं आणि करसल्ल्याचं काम करतो. म्हणजे माझं उत्तर दुकानाच्या बाजूने झुकणार, हे धरूनच वाचा.

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त बदल सरकारात झालाय. सरकारकडे कागद पूर्वीही होते, वाचायला माणसं नव्हती. विवरणपत्रं, बिलं, टोलनाक्याचं फुटेज, बँकेतले व्यवहार, सगळं साठत जायचं. ‘एवढ्यात आपलं कोण बघतंय’ या भरवशावर इथला कितीतरी व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालला. आता वाचणारा मिळालाय, आणि तो दमत नाही.

याचं नागपूरचंच उदाहरण घ्या. पोलिसांसाठी एआयची साधनं तयार करायला राज्य सरकारने २०२४ मध्ये ‘मार्व्हल’ ही कंपनी काढली. ती इथलीच, आयआयएम नागपूरच्या सहभागाने उभी राहिलेली. ऑगस्ट २०२५ मध्ये, राखीपौर्णिमेच्या दिवशी, जबलपूर रोडवर एका ट्रकने मोटारसायकलला धडक दिली आणि तो निघून गेला. मागे बसलेली बाई दगावली. नवऱ्याला ट्रकचा नंबर माहीत नव्हता, कंपनी माहीत नव्हती. ट्रकवर लाल खुणा होत्या एवढंच आठवत होतं. ग्रामीण पोलिसांनी तीन टोलनाक्यांचं फुटेज मार्व्हलच्या प्रणालीला दिलं. तिने आधी लाल खुणांचे ट्रक वेगळे काढले, मग दोन नाक्यांमधला त्यांचा सरासरी वेग बघून त्यातला संशयित कोणता ते सांगितलं. ३६ तासांत तो ट्रक सुमारे ७०० किलोमीटरवर उत्तर प्रदेशात सापडला. हेच फुटेज माणसांनी डोळ्यांनी बघायचं म्हटलं असतं तर किती दिवस गेले असते, आणि मुळात कोणी बघितलं असतं का, तुम्हीच विचार करा.

तेच करात. १४ जुलै २०२५ ला प्राप्तिकर खात्याने देशभर १५० ठिकाणी पडताळणी केली. खोटं घरभाडं, राजकीय पक्षांना न दिलेल्या देणग्या असल्या वजावटी दाखवून परतावा काढून देणाऱ्या एजंटांवर रोख होता, आणि ते दावे शोधायला एआयची साधनं वापरल्याचं खात्यानेच सांगितलं. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० लोकांनी १,०४५ कोटींचे दावे आपणहून मागे घेतले होते. त्या काळात माझ्या एका अशिलाने विचारलं, “सर, हे एआय आपल्या बिलांमध्ये बी घुसून राहिलं का?” घुसून राहिलंच आहे. पण इथे एक सांगतो: ज्याला आपण एआय म्हणतो त्यातलं बरंचसं साधी जुळवाजुळव असते. त्याच जुलैत कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या. त्यात कुठलंही अगाध तंत्र लागत नाही, बेरीज आली की झालं. आकडे एका जागी आले हीच खरी घडामोड आहे.

आणि हा वाचणारा खोटंही रचतो. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये एका कंपनीविरुद्धचा कर-आकारणीचा आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. कंपनीने दाखवलेलं उत्पन्न ३ कोटींच्या आसपास, खात्याने धरलेलं जवळजवळ २८ कोटी. एआयच्या काळात यंत्राने दिलेल्या निकालांवर डोळे झाकून विसंबू नका, वापरण्याआधी पडताळा, असं न्यायालयाने बजावलं. तेव्हापासून कुठल्याही नोटिशीत निवाड्याचा हवाला दिसला की आम्ही तो आधी शोधून बघतो. पूर्वी हे कोणी करत नव्हतं. तुम्हाला नोटीस आली तर तुमच्या सल्लागाराला हे करायला सांगा, ‘सरकारी कागद आहे म्हणजे बरोबरच असेल’ म्हणून बसू नका.

आता गुंतवणूक. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये वायदेबाजाराचा, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शनच्या सौद्यांचा, अभ्यास प्रसिद्ध केला. तीन वर्षांत १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. आता समोरची बाजू बघा. २०२३-२४ मध्ये स्वतःच्या पैशाने ट्रेडिंग करणाऱ्या संस्थांनी ३३,००० कोटी आणि विदेशी गुंतवणूकदारांनी २८,००० कोटी कमावले, आणि त्यातला ९६-९७ टक्के नफा अल्गोरिदमने, म्हणजे आपोआप सौदे करणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमने, काढलेला. म्हणजे मोबाइलवर ऑप्शन घेणारा आपला माणूस समोर कोणाशी खेळतोय हे स्पष्ट आहे. दोन हजार रुपये महिन्याला ‘एआय सिग्नल’ विकणारा टेलिग्रामवाला हे अंतर भरून काढत नाही. त्याच्याकडे खरंच असं यंत्र असतं तर त्याने तुमचे दोन हजार कशाला मागितले असते? एप्रिल २०२४ मध्ये तर एनएसई या राष्ट्रीय शेअर बाजाराच्या प्रमुखांचाच बनावट व्हिडिओ शेअर सुचवताना फिरत होता, एनएसईला जाहीर इशारा द्यावा लागला.

एआय कंपन्यांचे शेअर म्हणाल, तर एआयच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचं बाजारमूल्य ऑक्टोबर २०२५ मध्ये ५ ट्रिलियन डॉलरच्या पुढे गेलं. पण त्याच वर्षी २७ जानेवारीला, चीनच्या डीपसीक या एआय कंपनीच्या बातमीने, एका दिवसात तिचं जवळजवळ ६०० अब्ज डॉलरचं मूल्य उतरलं होतं. हा चढउतार सोसायची तयारी असेल तर घ्या. मात्र एक गोष्ट नागपूरकर विसरतात. तुमच्या म्युच्युअल फंडात टीसीएस, इन्फोसिस बहुधा आहेतच. या दोन्ही आयटी कंपन्या आणि एचसीएल नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रातही आहेत. बेसा, मनीषनगर, वर्धा रोडवरच्या फ्लॅटचे कितीतरी हप्ते आणि भाडी आयटीच्या पगारांतून जातात. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२,००० लोक, म्हणजे २ टक्के, कमी करायचं ठरवलं. कारण कौशल्याचं सांगितलं, एआयचं नाही. पण हे काम पुढे किती माणसांनी होणार हा प्रश्न राहतोच. तिकडे एखादा फ्लॅट भाड्याने दिला असेल, तर एआयवर तुमचा पैसा आधीच लागलाय, फक्त उलट्या बाजूने: एआयने ही कामं घटवली तर तोटा तुमचा.

धंद्याचं सांगतो. डाळ मिलमध्ये सॉर्टेक्स मशीन तुम्ही बघितलं असेल. कॅमेरा काळा दाणा टिपतो, हवेचा फटका त्याला बाजूला उडवतो. हे वर्षानुवर्षं चालू आहे. आता त्यावर ‘एआय’चं स्टिकर लागलं आणि खोट्या-खऱ्या दाण्यातली पारख थोडी सुधारली. तुम्ही मालाची नुसती खरेदी-विक्री करता, तेव्हा हे मिलवाल्याचं काम, तुम्ही त्यात पडू नका. बाकी बाजारात एआय म्हणजे सध्या बिलाचा फोटो काढून नोंद करणं आणि चॅटजीपीटीकडून पत्रं लिहून घेणं, एवढंच. कळमन्याच्या धान्यबाजारात भाव अजून माणूसच ठरवतो.

भावाचा अंदाज सांगणाऱ्या सॉफ्टवेअरवर पैसे घालू नका. तुरीची आयात ३१ मार्च २०२६ पर्यंत शुल्कमुक्त ठेवायचं केंद्राने ठरवलं तेव्हा भाव तिथून हलला. असा निर्णय मागच्या दहा वर्षांच्या भावांमध्ये कुठेच लिहिलेला नसतो, मग यंत्र तो सांगणार कसा?

पैशाचं म्हणाल तर मी असं करेन. यातले पन्नास-साठ हजार एका शिकलेल्या पोराच्या पगारावर घालेन आणि वडिलांच्या वह्यांतला मागच्या दोन-तीन वर्षांचा माल आयटमवार कॉम्प्युटरवर चढवून घेईन: कोणती डाळ, कोणाला, किती दिवसांच्या उधारीवर. सोबत दर महिन्याला खरेदीची बिलं जीएसटी पोर्टलवरच्या २बी शी, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांच्या यादीशी, ताडून घ्यायची. व्यापाऱ्याचा पैसा डाळीत कमी आणि उधारीत जास्त अडकतो. कोणता गिऱ्हाईक पैसे लांबवू लागलाय, हे अशा नोंदींवरून यंत्र चांगलं सांगतं, वडिलांच्या लक्षात यायच्या महिनाभर आधीसुद्धा. मात्र उधारी बंद करायचा फोन वडिलांनाच करू द्या. उरलेल्यातला निम्मा भाग खेळत्या भांडवलात, निम्मा साध्या इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातले सगळे शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात. एआयच्या नावाने वेगळा शेअर मी घेणार नाही.