वसाहतीतील डांबरी रस्ता

प्रश्न : आमच्या वसाहतीतील रस्ता काळ्या मातीवर आहे. दर दोन वर्षांनी डांबराचा नवा थर देऊनही तो खचतो. थर अधिक जाड द्यावा का?

उत्तर : नको. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचे डांबर, कितीही जाड असले तरी, तिच्याबरोबर हलते. म्हणून रस्ता उकरून ती माती शक्य तितकी काढावी, चांगला मुरूम थराथराने पाणी मारून दाबावा आणि त्यावर खडीचा भक्कम पाया घालावा. पाण्याच्या व मलवाहिन्या आधीच टाकाव्यात, हे सांगावे लागू नये, पण लागते. मध्यापासून कडेकडे मीटरमागे सुमारे २५ मिलिमीटर उतार आणि दोन्ही बाजूंना वाहती गटारे हवीत, कारण साचलेले पाणी खडीवरचे डांबर सोडवते.