प्युपिल प्रीमियम: नव्या गव्हर्नरांनी आधी काय पाहावं

शाळेच्या नियामक मंडळावर गव्हर्नर, म्हणजे सदस्य, झाल्याबद्दल अभिनंदन! प्युपिल प्रीमियम, म्हणजे वंचित मुलांच्या शिक्षणासाठी इंग्लंडमधल्या सरकारी शाळांना 2011 पासून मिळणारा हा निधी, पहिल्या बैठकीत किचकट वाटतो, पण सुरुवातीला तीनच गोष्टी धरा.

१. नोंदणी. गेल्या सहा वर्षांत कधीही मोफत जेवणासाठी पात्र ठरलेल्या मुलामागे शाळेला पैसे मिळतात. रिसेप्शन (पहिलीच्या आधीचा वर्ग) ते इयत्ता दुसरी सगळ्यांनाच जेवण मोफत असतं, म्हणून अनेक पालक पात्रतेचा अर्जच भरत नाहीत आणि हक्काचा निधी बुडतो. प्रवेशाच्या कागदांसोबतच हा अर्ज भरून घेतला जातो का, ते विचारा. आपल्या मराठी पालकांनाही सांगा, यात लाजण्यासारखं काही नाही.

२. खर्चाचा क्रम. आधी वर्गातलं रोजचं शिकवणं, मग मागे पडलेल्यांना नेमकी मदत, मग हजेरी, न्याहारी वगैरे. नवखे लोक टॅब्लेट आणि सहलींपासून सुरुवात करतात. मदतनीस शिक्षिकेला नुसतं मुलाशेजारी बसवणं ही दुसरी चूक. मूल तिच्यावरच विसंबून राहतं. ठरलेला वाचन-कार्यक्रम, आठवड्यातून तीन ते पाच वेळा, अर्धा तास, तोही प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडून, हे जास्त उपयोगी पडतं.

३. आराखडा. हा निधी कसा वापरणार याचा आराखडा दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत शाळेच्या संकेतस्थळावर हवा. त्यात दहा-बारा उपक्रम दिसले तर कमी करायला सांगा.

हा पैसा एकेका मुलाच्या नावाचं खातं नाही, त्यामुळे ‘माझ्या मुलाचे पैसे कुठे गेले?’ असं पालकांनी विचारलं तर हे शांतपणे समजावून सांगा. आकडेवारीची तुलना पहिल्या सत्रात नको.