डाळ-अंडी बंद केल्याने कर्करोगाची गाठ उपाशी मरते का?

तुम्ही विचारलंय, वडिलांना कर्करोग झालाय, गाठ अमिनो आम्लांवर, म्हणजे प्रथिनं पचून मिळणाऱ्या घटकांवर, पोसते असं व्हॉट्सॲपवर आलं, तर त्यांची डाळ, अंडी, पनीर बंद करावं का?

करू नका. गाठीआधी वडीलच उपाशी राहतील.

मेसेज अगदीच खोटा नाही, म्हणून तर तो फसवतो. मी प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी वाढवतो. त्यांच्या गुलाबी पोषक द्रवात ग्लुटामीन हे अमिनो आम्ल आयत्या वेळी घालावं लागतं; द्रवात ते टिकत नाही, मोडून अमोनिया होतो. एकदा शुक्रवारी घालायला विसरलो. पेशी वाढल्या की द्रव पिवळसर होतो; सोमवारपर्यंत तसा व्हायला हवा होता, तो तसाच गुलाबी, आणि खाली पेशी विरळ. ग्लुटामीन इतर अमिनो आम्लांपेक्षा कितीतरी पट जास्त लागतं, हे संशोधक हॅरी ईगल यांनी १९५५ सालीच दाखवलं होतं. त्यातला नायट्रोजन डीएनए बांधायला जातो, कार्बन ऊर्जेच्या चक्रात. पण आपल्या आतड्याच्या आणि पांढऱ्या पेशीही तेच खातात! आणि ताटातून कमी पडलं की शरीर स्वतःचे स्नायू मोडून ते रक्तात सोडतं. गाठीचं काही अडत नाही, माणूस खंगतो.

उपासमारीचा डाव खरोखर जमला तो लहान मुलांत जास्त दिसणाऱ्या एका रक्ताच्या कर्करोगात, ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात. १९५३ साली संशोधक जॉन किड यांना गिनीपिगच्या रक्तद्रवाने उंदरांमधल्या लिम्फोमाच्या (पांढऱ्या पेशींच्या एका कर्करोगाच्या) गाठी विरघळताना दिसल्या. त्यामागे ॲस्परॅजिनेज हे एन्झाइम आहे, हे ब्रूम यांनी १९६१ साली दाखवलं. ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल निरोगी पेशी घरीच बनवतात. या ल्युकेमियाच्या बहुतेक पेशींना ते पुरेसं बनवता येत नाही, त्या रक्तातून उचलतात. एन्झाइम रक्तातलं ॲस्परॅजिनच मोडून टाकतं. (नाव ॲस्परॅगसवरून, आपली शतावरी त्याच कुळातली. पण शतावरी टाळून काही साधत नाही, यकृत हवं तेवढं ॲस्परॅजिन बनवतं.) या एन्झाइमचं इंजेक्शन केमोथेरपीच्या इतर औषधांबरोबर देतात. ॲलर्जी, स्वादुपिंडाला सूज, रक्ताच्या गुठळ्या असे त्रास होऊ शकतात, त्यामुळे लक्ष ठेवावं लागतं. आणि ते चालू असतानाही ॲस्परॅजिन टाळायचं म्हणून कुणी मुलाचा वरणभात बंद करत नाही.

वडिलांचं वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करून वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं किती, हे तेच ठरवतील.